लियोंच्या जुन्या भागात भाड्याने घर घेताना

फ्रान्सच्या लियों शहरात सोन नदीकाठच्या क्रुआ-रूस टेकडीवर रेशीम विणकरांची जुनी घरं आहेत. उंच माग मावावेत म्हणून छत सुमारे ४ मीटर. आता तिथे लाकडी माळा टाकून झोपायची सोय केलेली असते, आणि फसगत इथेच होते. १.८० मीटरपेक्षा कमी उंचीची जागा कायद्याने क्षेत्रफळात धरत नाहीत, म्हणून टेप घेऊनच जा. २०२१च्या नोव्हेंबरपासून शहरात भाड्याला प्रति चौरस मीटर कमाल मर्यादा आहे. माळा मोजून क्षेत्रफळ फुगवलं, की भाडंही फुगतं.

घराला किती ऊर्जा लागते ते सांगणारा ऊर्जा-दाखला मागा, 'जी' या सर्वांत खालच्या श्रेणीचं घर २०२५पासून नव्याने भाड्याने देता येत नाही. दगडी भिंतींना ओल आहे का, हात लावून बघा.

फ्रेंच जामीनदार नसेल तर 'व्हिझाल' ही भाड्याची मोफत हमी सही करण्याआधी काढा. अनामत रिकाम्या घराला १ महिन्याचं मूळ भाडं, फर्निचरसह २ महिन्यांपर्यंत. घर पाहण्याआधी कुणी पैसे मागितले तर सरळ निघा.

किल्ली घेताना घराच्या स्थितीची नोंद होते. प्रत्येक ओरखडा लिहून घ्या, फोटो काढा. राहिलेलं १० दिवसांत कळवता येतं. हीटरमधली खोट कळवायला हीटर वापरायच्या हंगामाचा पहिला महिना मिळतो. घरविमा मात्र किल्लीआधीच हवा.