आरमध्ये उत्तर पडद्यावर येत नाही? या चुका टाळा

आर (R) ही आकडेवारीच्या कामाची प्रोग्रामिंग भाषा शिकायला घेतली की पहिल्या दिवशी फार छान वाटतं. कन्सोलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, २ + ३ लिहून एंटर दाबलं की लगेच खाली ५. व्हेरिएबलचं, म्हणजे डेटा साठवलेल्या नावाचं, नुसतं नाव लिहिलं तरी आतला डेटा समोर हजर. मग आठवड्याभरात तीच ओळ आपण फॉर लूपमध्ये (तीच कृती पुन्हा पुन्हा करणाऱ्या कोडमध्ये) टाकतो आणि पडदा कोरा! एरर नाही, वॉर्निंग नाही. लूप चाललाच नाही असं समजून मुलं चांगला कोड खोडून टाकतात, ते पाहून मला खरंच वाईट वाटतं. लूप चाललेला असतो, उत्तरही निघालेलं असतं. फक्त ते दाखव असं कुणी सांगितलेलं नसतं.

कन्सोलवर थेट लिहिलेल्या ओळीचं उत्तर आर आपणहून छापते. लूपच्या आत किंवा फंक्शनच्या मधल्या ओळींत ही सोय नाही, तिथे प्रिंट() लिहावंच लागतं. (आज्ञा मी इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरांत करा.) सोर्स() वापरून अख्खी फाइल चालवली तरी हाच अनुभव येतो; तिथे इको = ट्रू दिलं की काम होतं. जीजीप्लॉट या आलेख काढायच्या पॅकेजचे आलेख लूपमध्ये उमटत नाहीत तेही याच कारणाने. आलेख एका नावात साठवा आणि ते नाव प्रिंट() मध्ये द्या.

प्रिंट() एका वेळी एकच गोष्ट छापतं, हे मात्र विसरू नका. प्रिंट("एकूण", १२) लिहिलं तर फक्त "एकूण" दिसतं. १२ कुठे गेले? आरने ते 'किती अंक दाखवू' याचं उत्तर म्हणून घेतले. मजकूर आणि आकडा शेजारी शेजारी हवा असेल तर कॅट() वापरा, आणि शेवटी "\एन" (नवी ओळ सुरू करायची खूण) द्यायला चुकू नका, नाहीतर पुढचा प्रॉम्प्ट (पुढची आज्ञा लिहायची > ही खूण) उत्तराला चिकटून बसतो. कॅट() चं एक दुखणं मात्र आहे. सातारा, पुणे, सांगली ही नावं फॅक्टर म्हणून (आत प्रत्येक नावाला एक नंबर देऊन) साठवलेली असतील तर ते नावांऐवजी ३ १ २ छापतं, म्हणजे वर्णानुक्रमातले नंबर. आधी ॲज.कॅरेक्टर() करून घ्या. डेटा फ्रेम, म्हणजे ओळी-रकान्यांचा तक्ता, तर कॅट() ला छापताच येत नाही, सरळ एरर येते.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते आकड्यांमुळे. आर सहसा सातच सार्थ अंक (सुरुवातीची शून्यं सोडून मोजलेले अंक) दाखवते, त्यामुळे १२३४५६.७८९ पडद्यावर १२३४५६.८ होतो. मेमरीत मूळ आकडा जसाच्या तसा असतो, पण पडद्यावरून तो वहीत किंवा एक्सेलमध्ये उतरवला की पुढचं सगळं गणित त्या कापलेल्या आकड्यावर चालतं. पडद्यावरून आकडे उचलूच नका, राइट.सीएसव्ही() ने फाइल काढा. जास्त अंक बघायचेच असतील तर प्रिंट(एक्स, डिजिट्स = १२).

एक लाख लिहिले की १ई+०५ (म्हणजे १ गुणिले १० चा पाचवा घात) दिसतं, यानेही अनेकजण गडबडतात. साध्या आणि घातांकाच्या रूपांपैकी जे कमी जागेत मावतं ते आर निवडते. म्हणून दीड लाख सरळ १५००००, आणि एक लाख मात्र असा विचित्र. ऑप्शन्स(सायपेन = ९९९) (रोमनमध्ये scipen) लिहिलं की त्रास संपतो. फॉरमॅट() नेही आकडा नीट दिसतो, पण त्यातून बाहेर पडतो तो मजकूर. त्याची बेरीज करायला गेलात तर एरर. म्हणून फॉरमॅट() अगदी शेवटच्या टप्प्यावर ठेवा.

विंडोजवर मराठी नावांच्या जागी <यू+०९२ई> असं काही दिसत असेल तर तुमची आवृत्ती तपासा. २०२२ मध्ये आलेल्या ४.२.० पासून विंडोजवरही यूटीएफ-८ (सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची पद्धत) वापरलं जातं, त्यामुळे विंडोज १० किंवा ११ अद्ययावत असेल तर हा प्रश्न राहत नाही.

आणि सगळं बरोबर असूनही प्रिंट() सुद्धा गप्प असेल, तर आठवा: मघाशी सिंक() ने आउटपुट फाइलकडे वळवलं होतं का? मधेच एरर येऊन कोड थांबला की ते वळवलेलंच राहतं. रिकामं सिंक() चालवा, आणि काढण्यासारखं काही उरलं नाही अशी वॉर्निंग येईपर्यंत चालवत राहा.