बोट ट्रेलरचे टायर कधी बदलायचे?
नक्षी बघून फसू नका. बोटीचा ट्रेलर वर्षातले बरेच महिने उभाच असतो, त्यामुळे टायर झिजायच्या आधी रबरच म्हातारं होतं. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भागावर, डीओटी (DOT) या अक्षरांनी सुरू होणारा कोड असतो, त्यातले शेवटचे 4 आकडे बघा, ती टायर बनल्याची तारीख, 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा, आणि बाहेरून दिसले नाहीत तर खाली वाकून आतल्या बाजूला शोधा, बऱ्याचदा तिकडेच असतात. 5-6 वर्षं झाली की बदलाच, कितीही नवे दिसू देत. फुगा आला, तारा दिसल्या किंवा भेगा खोल गेल्या असतील तर वय बघत बसूच नका. एकाच कडेने झीज असेल तर आधी अ‍ॅक्सल तपासा, नाहीतर नवेही तसेच जातील. स्टेपनीचीही तारीख बघा, ती कोणी बघतच नाही.