चारचौघांसारखेच, पण अडचणीत साथ देणारे कपडे

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा कुलाब्यात शंभर मिलिमीटरही झाला नव्हता. कचेरीतून निघालेल्या माणसांना पुढे काय वाढून ठेवले आहे याची कल्पना नव्हती, आणि असती तरी अंगावरचे कपडे बदलायला सवड कोणाला होती? मी त्या दुपारी अंधेरीहून निघाले, ती महामार्गाने चालत पहाटे बोरिवलीला पोचले. अंगात सुती सलवार-कमीज होती. कमरेएवढ्या पाण्यात सलवार भिजून इतकी जड झाली की नाडीची गाठ ढिली होऊ लागली आणि उरलेल्या रस्त्यात माझा एक हात सलवार धरण्यातच गुंतून पडला. ज्या हाताने कठडा धरायचा, शेजारणीचा हात धरायचा, तो हात मोकळा नव्हता. तेव्हापासून कपडे घेताना मी कापड, शिलाई आणि खिसे यांकडे वेगळ्या नजरेने पाहते, आणि त्या पाहण्यातून जे कळले ते येथे नीट मांडत आहे.

संकट आल्यावर घालायचे म्हणून कपाटात वेगळे ठेवलेले कपडे बहुतेक वेळा कपाटातच राहतात, कारण पूर किंवा लोकलचा खोळंबा आपण घरी असतानाच येतो असे नाही. म्हणून पावसाळ्यात रोज कामाला जाताना जे अंगावर असते तेच आपत्कालीन कपडे, असे धरून निवड करावी लागते. ते चारचौघांत खटकणार नाहीत असेच हवेत, नाहीतर आपण ते रोज घालणार नाही. साधेपणाला दुसरेही कारण आहे. अडकलेल्या गर्दीत, फलाटावर किंवा निवारा केंद्राच्या खोलीत ज्याच्या अंगावर महागडे जाकीट आणि पाठीवर असंख्य कप्पे लोंबणारी सॅक असते, त्याच्याजवळ बरेच काही असणार असे सगळ्यांनाच वाटते. अशा वेळी माणसे एकमेकांना मदत करतात हे मी स्वतः पाहिले आहे. परंतु चोरीचा धोका त्याने टळत नाही, आणि घरातली लहान मुले सोबत असताना आपल्या सामानावर कोणाची नजर नसलेलीच बरी.

त्यामुळे लष्करी छाप्याचे कपडे सर्वप्रथम बाजूला ठेवावेत. ते बाजारात सहज मिळतात आणि टिकाऊही दिसतात, पण ते लांबून ओळखू येतात. शिवाय सैनिक असल्याचा समज व्हावा या हेतूने तसा पोशाख घालणे हा आपल्याकडे गुन्हा आहे. खाकी रंगामुळे माणसे पोलीस समजून मदत मागायला येतात आणि नारिंगी रंगामुळे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचा जवान समजून; म्हणून बाहेरच्या कपड्यांसाठी हे दोन्ही रंग टाळावेत. राखाडी, गडद निळा, तपकिरी, मातकट हिरवा हे रंग कुठल्याही गर्दीत मिसळतात आणि चिखलाचे डागही पोटात घेतात. पांढरा व फिका रंग ओला झाला की पारदर्शक होतो. ही गोष्ट स्त्रियांना सांगायला नको, पण घरातल्या मुलींसाठी गणवेशाखाली घालायचे अस्तर निवडताना ती आवर्जून लक्षात घ्यावी.

कापडाबद्दल दुकानदाराच्या शब्दापेक्षा घरातल्या बादलीवर माझा अधिक विश्वास आहे. कपडा कोरडा असताना स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलावा, दहा मिनिटे पाण्यात बुडवून ठेवावा, हाताने पिळून पुन्हा तोलावा आणि पंखा न लावता खोलीतल्या दोरीवर टाकून तो किती तासांत सुकतो ते पाहावे. ही परीक्षा जुलै महिन्यात घ्यावी, मे महिन्यात घेऊन उपयोग नाही. माझ्या घरातली जीन्स पिळल्यानंतरही जवळजवळ दुप्पट वजनाची भरली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळीही तिचे शिवणीकडचे भाग ओलेच होते. त्याच दोरीवरची पॉलिस्टर मिसळलेली साधी पँट रात्रीत सुकली. सुती कापड उन्हाळ्यात सुखाचे असले तरी ते पाणी धरून ठेवते आणि अंगाला चिकटून ऊब काढून घेते. टेरिकॉट किंवा नायलॉनचे पातळ कापड पाणी कमी धरते. ते दिसायला कचेरीच्या पँटसारखेच असते, किंमतही फार नसते आणि गल्लीतला शिंपी ते आपल्या मापाने शिवून देतो.

शिवून घेतानाच काही गोष्टी मागून घ्याव्यात. बैठकीच्या आणि गुडघ्याच्या भागाला दुहेरी टीप हवी, कारण कठडा ओलांडताना किंवा ट्रकवर चढताना कपडा तिथेच उसवतो. सलवारीच्या नेफ्यात इलास्टिक आणि नाडी दोन्ही घालून घ्यावीत, म्हणजे एकाने दगा दिला तरी दुसरे सांभाळून घेते. घेर कमी ठेवावा, आणि पाय गुडघ्यापर्यंत दुमडून वर अडकवता येईल असे बटण आतून लावून घ्यावे. साडी नेसणाऱ्या अनेक जणींना ऐन वेळी कपडा बदलणे रुचत नाही, आणि त्यांना तसा आग्रह करू नये. त्यांनी सुती परकराऐवजी पातळ, कमी घेराचा परकर वापरावा आणि पाण्यात उतरण्यापूर्वी काष्टा मारून पदर कमरेला घट्ट खोचावा. आपल्या आज्यांनी नऊवारीत भातशेतीच्या चिखलात दिवसदिवस काम केले, ते काष्ट्यामुळेच जमले. ओढणी मात्र गळ्यात मोकळी ठेवू नये. ती कमरेला आडवी बांधून ठेवावी, कारण ती पुढे फार कामाला येते. आम्ही चौघींनी त्या रात्री ओढण्यांना गाठी मारून एक लांब दोर केला होता आणि खळाळत्या पाण्याचा एक पट्टा त्याला धरूनच पार केला.

वरच्या अंगाला पूर्ण बाह्यांचा सैलसर शर्ट किंवा कुर्ता असावा. रात्र उघड्यावर काढावी लागली तर डासांपासून आणि खरचटण्यापासून तेवढाच आडोसा मिळतो. पावसात तासन्‌तास भिजल्यावर वाऱ्याने हुडहुडी भरते आणि लहान मुले व वृद्ध यांचे त्यात विशेष हाल होतात. यासाठी एक पातळ लोकरी स्वेटर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून सॅकच्या तळाशी ठेवावा. लोकर ओली झाली तरी बऱ्यापैकी ऊब देते, म्हणून तर आपला धनगर भर पावसात घोंगडी पांघरून उभा राहू शकतो. त्यावर घालायला साधे विंडचीटर पुरेसे आहे. पायघोळ रेनकोट वाहत्या पाण्यात पायांत अडकतो, तो नको.

पादत्राणांकडे सगळ्यांत जास्त लक्ष द्यावे असे माझे मत आहे. पायाचा तळवा कापला गेला तर उरलेली सगळी तयारी वाया जाते. शिवाय २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली होती आणि त्या रोगाचे जंतू प्राण्यांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून जखमेवाटे शरीरात शिरतात. साधी स्लीपर प्रवाहात पायातून निघून जाते. चामड्याचा बूट पाणी पिऊन जड होतो आणि टाचा सोलतो. गमबूट घोट्याएवढ्या पाण्यात उत्तम, पण पाणी त्याच्या काठावरून आत शिरले की पाय उचलणे कठीण होते. मागे पट्टा असलेले, बोटे झाकणारे आणि खोल खाचांच्या तळव्याचे रबरी सँडल किंवा पावसाळी बूट सर्वांत सोयीचे, आणि ते पावसाळ्यापूर्वी निदान पंधरवडाभर रोज घालून पायाला सरावाचे करून घ्यावेत. पायाला जखम असताना पुराच्या पाण्यातून चालावे लागले, तर घरी पोचल्यावर पाय साबणाने धुऊन विनाविलंब डॉक्टरांना दाखवावे.

खिशांच्या बाबतीत जुन्या बंडीचा चोरखिसा आजही चांगला आदर्श आहे. पँटच्या किंवा कुर्त्याच्या आत, कमरेच्या वर, चेन असलेला एक खिसा शिंप्याकडून लावून घ्यावा आणि त्यात जाड प्लॅस्टिकच्या पाकिटात थोडे सुटे पैसे, ओळखपत्राची प्रत, रोजच्या गोळ्यांची एक पट्टी आणि जवळच्या दोन-तीन माणसांचे क्रमांक लिहिलेला कागद ठेवावा. मोबाइल बंद पडला की स्वतःच्या बहिणीचा क्रमांकही आठवत नाही, याचा अनुभव घेऊ नये.

संकट रात्रीही येते. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप, दोन्ही माणसे गाढ झोपेत असताना झाले. इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ ला दरड कोसळली तीही रात्रीच. ज्या कपड्यांत आपण झोपतो त्यांत तासभर रस्त्यावर उभे राहता येईल का, हे प्रत्येकाने स्वतःला विचारून पाहावे. गाऊन घालणाऱ्यांनी एक पँट आणि पूर्ण बाह्यांचा सदरा उशाशी घडी करून ठेवावा. फुटलेल्या काचांवर अनवाणी पाय पडू नये म्हणून पट्ट्याच्या चपला आणि बॅटरी पलंगाखाली, हात पोचेल अशा जागी ठेवाव्यात.

येथे एक अपवाद सांगणे अत्यंत आवश्यक आहे. वर ज्या टेरिकॉट-नायलॉनची शिफारस केली, ते कापड आगीत वितळून कातडीला चिकटते. म्हणून स्वयंपाक करताना, फटाके उडवताना किंवा आगीशी संबंधित कामावर जाताना अंगाबरोबरचे सुती कपडेच घालावेत.

आता गर्दीत न दिसण्याबद्दल इतके लिहिल्यावर दिसण्याबद्दलही लिहिले पाहिजे. गच्चीवर अडकलेल्या माणसाला बोटीतल्या जवानाने पाहिलेच नाही, तर साध्या रंगाचा काय उपयोग? त्यासाठी भडक केशरी किंवा पिवळा पंचा घडी करून सॅकमध्ये ठेवावा. गर्दीत तो झाकलेला राहतो आणि गरज पडली की काठीला बांधून हलवता येतो. एरवी तोच डोके पुसायला, जखमी हात गळ्यात अडकवायला आणि तान्ह्या मुलाला गुंडाळायला चालतो. इतक्या कमी जागेत इतकी कामे करणारी दुसरी वस्तू माझ्या पाहण्यात नाही.

घरासाठी जी पिशवी भरून ठेवायची, ती जुनी शाळेची किंवा कचेरीची सॅकच असावी. प्रत्येकाचा एक पूर्ण जोड, आतल्या कपड्यांसह, वेगळ्या प्लॅस्टिक पिशवीत हवा काढून रबर लावून ठेवावा आणि वर नावाची चिठ्ठी चिकटवावी. मासिक पाळीसाठीचे कापड किंवा पॅड यांचीही वेगळी पिशवी असावी. ही सॅक मृगाच्या आधी एकदा आणि दिवाळीच्या साफसफाईत एकदा पूर्ण रिकामी करावी, कारण बंद पिशवीत कपड्यांना कुबट वास येतो, रबर तुटतात आणि गेल्या वर्षी मुलाला सैल होणारी पँट यंदा घोट्याच्या वर आलेली असते.