दारू सोडायचीय? पहिल्या मीटिंगला असे जा

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे 'एए', हा दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायचा गट. गोव्यात त्याच्या मीटिंगा पणजी, म्हापसा, मडगाव अशा ठिकाणी भरतात. जागा आणि वेळा बदलतात, म्हणून जुन्या कागदावर विसंबू नका. एएच्या हेल्पलाइनला फोन करून दिवस, वेळ आणि भाषा विचारून घ्या. कोकणी, इंग्रजी की हिंदी, हे आधीच कळलेलं बरं.

मीटिंग चर्चच्या खोलीत असली तरी बिचकू नका. एए कुठल्याही धर्माची नाही, फी नाही, आडनाव कोणी विचारत नाही. दारू सोडायची इच्छा असली की पुरे. 'ओपन' मीटिंगला घरच्यांनाही बसता येतं, 'क्लोज्ड' फक्त ज्यांना स्वतःची दारू सोडायचीय त्यांच्यासाठी.

गाव लहान, कोणीतरी बघेल, ही भीती मला खरी वाटते. तर शेजारच्या तालुक्यातली मीटिंग धरा. मात्र रात्री परतीची बस मिळेल का ते आधी बघा, नाहीतर तेच न जाण्याचं निमित्त होतं. पहिल्या दिवशी बोललं नाही तरी चालतं. निघताना एखाद्याचा फोन नंबर मात्र नक्की घ्या. संध्याकाळी बारवरून जाताना तोच उपयोगी पडतो.

एक कळकळीचं सांगणं: रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम तोडू नये. फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेततं. आधी डॉक्टरांना भेटा. बांबोळीला सरकारी मानसोपचार संस्था आहे. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. आणि घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन नावाचा वेगळा गट असतो, पिणारा तयार नसला तरी तुम्ही जा.