दाढ ठणकतेय: नस नुसती दुखावली आहे की निकामी होतेय, हे कसं ओळखायचं

दाताचं दुखणं किती जोराचं आहे यापेक्षा ते किती वेळ टिकतं, हे आधी बघा. नसेच्या तब्येतीचा सगळ्यात भरवशाचा अंदाज त्यावरूनच येतो.

आपण 'नस' म्हणतो तो खरं तर दाताच्या पोटातला मऊ गर असतो, चेतातंतू आणि रक्तवाहिन्यांचा. कीड खोल गेली, दाताला तडा गेला किंवा इनॅमल (दातावरचं टणक कवच) झिजलं की हा गर सुजतो. शरीरात इतरत्र सूज आली तर तिला पसरायला जागा मिळते. इथे चहूबाजूंनी टणक भिंत असते, त्यामुळे आतला दाब वाढतो आणि एवढ्याशा दाताची कळ मस्तकात जाते.

गार पाण्याची परीक्षा

ठणका आधीच चालू असेल तर ही परीक्षा करू नका. नसेल तर गार पाण्याचा घोट दुखऱ्या बाजूला क्षणभर धरा, थुंका आणि घड्याळ बघा.

सणक आली आणि पाच-दहा सेकंदांत गेली, तर नस बहुधा शाबूत आहे. हिरडी खाली सरकली असेल, छोटी कीड असेल किंवा फिलिंग नवं असेल. सेन्सिटिव्हिटीची टूथपेस्ट मऊ ब्रशने दिवसातून दोनदा वापरा. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. चार दिवसांत ट्यूब बदलून काही होत नाही. फरक पडला नाही किंवा खड्डा दिसत असेल, तर एक-दोन आठवड्यांत दाखवून घ्या. कीड वरवर असताना साध्या फिलिंगवर भागतं.

पाणी थुंकल्यावरही कळ अर्धा मिनिट किंवा जास्त रेंगाळते, गरम लागलं की उसळते, काही न खाता आपोआप ठणकते, झोपेतून उठवते? मग नस बरी होण्याच्या पलीकडे गेली असण्याची शक्यता मोठी. आडवं झालं की डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो, म्हणून हे दुखणं रात्री छळतं. एक-दोन दिवसांत डेंटिस्ट गाठा.

सगळ्यात जास्त फसगत इथे होते: आठवडाभर ठणकणारी दाढ एके दिवशी गप्प होते आणि माणूस अपॉइंटमेंट रद्द करतो. बहुतेक वेळा ती बरी झालेली नसते, नस मेलेली असते. जंतू मुळाच्या टोकातून हाडात उतरत राहतात. पुढे चावताना दुखतं, दात उंच झाल्यासारखा वाटतो, हिरडीवर पुटकुळी येऊन पू झिरपतो.

नेमका कुठला दात दुखतोय हे सुरुवातीला सांगता येत नाही, आणि त्यात तुमची चूक नाही. वरची दाढ खालची वाटू शकते. डावी-उजवी मात्र सहसा बदलत नाही. चावताना नव्हे तर चावा सोडताना सणक येत असेल तर तडा गेल्याचा संशय घ्या. वरच्या बऱ्याच दाढा एकदम दुखतात, वाकल्यावर वाढतं आणि नाकही चोंदलंय, तर कारण सायनस असू शकतं. चालताना किंवा जिना चढताना जबडा दुखतो आणि विसावा घेतल्यावर दुखायचा थांबतो, तर आधी हृदय तपासा. सोबत छातीत दडपण, घाम किंवा धाप असेल तर तडक हॉस्पिटल.

नंबर लागेपर्यंत

मोठ्या माणसाला जेवणानंतर आयबुप्रोफेन ४०० मिग्रॅ, डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय दिवसाला १२०० मिग्रॅच्या वर नाही. कमी पडलं तर सोबत पॅरासिटामॉल ५०० मिग्रॅ चालते, पण काही गोळ्यांत ही दोन्ही औषधं आधीच एकत्र असतात, पाकीट वाचा. अल्सर, किडनीचा आजार, गरोदरपण, रक्त पातळ करणारं औषध किंवा वेदनाशामकाने उठणारा दमा असेल तर आयबुप्रोफेन नको. कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून चुळा भरा, उशाशी दोन उश्या घ्या. लवंगतेल कापसाला थेंबभर लावून फक्त खड्ड्यात ठेवा, हिरडीला लागलं तर भाजतं. ॲस्पिरिनची गोळी दाताशी दाबून ठेवण्याचा उपाय तर सोडूनच द्या, गालाची आतली त्वचा पांढरी पडून सोलवटते.

उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या घेऊ नका. सुजलेल्या नसेचा ठणका त्यांनी थांबत नाही. सूज पसरत असेल किंवा ताप असेल तेव्हाच त्यांचं काम असतं, आणि तेव्हाही आतली घाण काढावीच लागते.

सूज डोळ्याकडे किंवा मानेकडे चालली आहे, तोंड उघडत नाही, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होतोय, जिभेखालचा भाग फुगलाय: यातलं काहीही असेल तर रात्र असली तरी इमर्जन्सी गाठा.

खुर्चीत बसल्यावर

दुखणं कधीपासून, कशाने, किती सेकंद, हे सांगा. मधुमेह, गरोदरपण, रक्त पातळ करणारी किंवा हाडं ठिसूळ होण्यावरची औषधं लपवू नका. डॉक्टर दातावर टकटक करतील, गार लावतील, एक्स-रे काढतील. सुजलेल्या नसेला भूल चढायला वेळ लागतो, एखादं इंजेक्शन जास्त लागू शकतं. दुखत असेल तर हात वर करा, सोसत बसू नका.

नस निकामी झाली असेल तर ती काढून दात आतून साफ करतात आणि भरतात, त्याला रूट कॅनाल म्हणतात. त्याची पहिली बैठक झाली की ठणका थांबतो आणि पुढच्या तारखा राहून जातात. तात्पुरतं सिमेंट काही आठवड्यांत झिजतं, लाळेसोबत जंतू आत शिरतात आणि केलेलं काम पुन्हा उघडावं लागतं. मागच्या दाढेवर कॅपही वेळेत बसवा, नाहीतर पोखरलेली दाढ चावताना उभी फुटते, आणि मुळापर्यंत फुटलेली दाढ बहुतेक वेळा काढावीच लागते.