पोई घरची, कडी हॉटेलातली: शनिवार दुपार ते रविवार सकाळचा बेत

आधी एक कबुली, आमच्या फ्लॅटमध्ये मासे तळले की तिसऱ्या मजल्यापर्यंत निरोप जातो, त्यामुळे मासे बाहेर खायचे आणि बेकिंगचे प्रयोग घरी करायचे अशी वाटणी मी करून टाकलीय. पण गोव्यात एका होमस्टेमध्ये सकाळी पोदेराचा, म्हणजे तिथल्या पाववाल्याचा, सायकलवरचा भोंगा ऐकून उठले, गरम पोई (तिथला गव्हाचा पाव) आणि आदल्या दिवशीची आटवलेली माशाची कडी, म्हणजे कालवण, खाल्ली, आणि तेव्हापासून ह्या दोन गोष्टी एकत्र कशा आणायच्या हेच डोक्यात होतं. गोव्यात ह्याला कालची कडीच म्हणतात, शिळं म्हणून नाक मुरडायचं काही कारण नाही, मुद्दाम उरवतात लोक. तर बेत असा: शनिवारी दुपारी हॉटेलात जेवायचं, येताना कडी पार्सल, रात्री पीठ भिजवून फ्रीजमध्ये, रविवारी सकाळी पोई. शनिवार पाळत असाल तर मंगळवारी जा, बुधवार आपलाच.

हॉटेलचं आधी सांगते. रात्रीपेक्षा दुपारी जा, साडेबाराच्या आत पोचलात तर सकाळचा माल असतो आणि वेटरला बोलायला वेळपण असतो. मेनूकार्ड बाजूला ठेवून सरळ विचारायचं, "दादा, आज काय आलंय?" तो लगेच दोन-तीन नावं घेतो ती खरी, आणि "सगळं आहे मॅडम" म्हणाला तर समजून जायचं. जमलं तर मासा बघायला मागा, चांगल्या ठिकाणी ट्रे घेऊन येतात. डोळे फुगीर आणि स्वच्छ पाहिजेत, खवले चमकदार, कल्ले लालबुंद, बोटानं दाबलं की मांस परत वर यायला हवं. सुरमईच्या तुकड्यात ह्यातलं काहीच कळत नाही म्हणून मी बाहेर शक्यतो अख्खा मासा घेते, बांगडा, मुडदुशी, बजेट असेल तर पापलेट. आणि हो, "साइजप्रमाणे" असं लिहिलेलं असेल तर ऑर्डर द्यायच्या आधी आकडा विचारा, लाजू नका. आम्ही एकदा लाजलो होतो, बिल बघून नवरा घरी येईपर्यंत गप्प होता.

पावसाळ्यात जून-जुलै जरा जपून. १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस गोव्यात यांत्रिक होड्यांना समुद्रात मासेमारी बंद असते, आपल्याकडेही तेव्हा बंदी असतेच, त्यामुळे त्या दिवसांत खोल समुद्रातला मोठा मासा मिळाला तर तो बर्फातला असण्याची शक्यता जास्त. तेव्हा खाडीचं काय आहे ते विचारा.

आता पार्सल, कारण सगळा बेत त्यावरच आहे. पार्सल कडीचं घ्यायचं, माशाचे तुकडे नकोत. तुकडे दुसऱ्या दिवशी गरम केले की चामट होतात, कडी मात्र मुरते. बांगड्याची, तिरफळं (कोकणातला मसाला) घातलेली असेल तर फारच छान, नाहीतर कोळंबीचं कालवण. सोबत जमलं तर तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं एक प्लेट, ते का ते पुढे सांगते. सोलकढी पार्सल करू नका, घरी येईपर्यंत नारळाचं दूध वर आणि कोकमाचं पाणी खाली होतं. घरी आल्या आल्या सगळं फ्रीजमध्ये, गाडीत ठेवून मॉल फिरायला जायचं नाही.

आणि पोई. म्हणजे गव्हाची, बाहेरून कोंडा लावलेली, आत पोकळ असलेली गोल भाकरीसारखी पावाची जात. पूर्वी पोदेर पीठ माडाच्या सुरेनं फुगवायचे, आता बहुतेक ठिकाणी यीस्टच असतं. मला तो आंबूस वास पाहिजे होता म्हणून मी नीरा आणली, बाटली ओट्यावर उन्हात ठेवली आणि विसरले, दुपारी झाकण उडून छताला लागलं. तो प्रयोग तिथेच संपला. मग कळलं की यीस्ट कमी घालून पीठ रात्रभर थंडीत हळूहळू फुगू दिलं की थोडा आंबूसपणा आपोआप येतो.

८ पोयांसाठी २५० ग्रॅम कणीक, १०० ग्रॅम मैदा, एक छोटा चमचा भरून मीठ, एक चमचा साखर, अर्धा छोटा चमचा इन्स्टंट यीस्ट, २५० मिली पाणी. चक्कीची कणीक पाणी जास्त पिते, अजून २०-३० मिली लागलं तर घाबरू नका, पीठ पोळीच्या कणकेपेक्षा सैल आणि हाताला चिकटणारंच पाहिजे. नुसत्या कणकेची मी पहिल्यांदा केली होती, विटा झाल्या विटा, मैदा थोडा हवाच. आठ-दहा मिनिटं मळा, तासभर बाहेर ठेवा, मग झाकून फ्रीजमध्ये आणि तुम्ही झोपा.

सकाळी पीठ बाहेर काढून पाऊण तास ठेवा, पुण्याच्या थंडीत तास-सव्वा तास. ८ गोळे करा. कणीक चाळून चाळणीत जो कोंडा राहतो तो ताटलीत पसरा, गोळा त्यात दोन्ही बाजूंनी दाबा आणि हातानं किंवा लाटण्यानं तळहाताएवढा करा, जाडी साधारण एक सेंटिमीटर, जरा कमी चालेल. कडा पातळ करायच्या नाहीत आणि काट्यानं टोचायचं तर अजिबात नाही, मी पिझ्झाच्या सवयीनं टोचलं होतं, वाफ सगळी भोकांतून गेली आणि पोकळी झालीच नाही. आतली वाफ कोंडली तरच ती फुगते, अगदी फुलक्यासारखंच. मग २० मिनिटं ओल्या फडक्याखाली.

ओव्हन! इथे सगळे घाई करतात. ओटीजी जेवढा जाईल तेवढा, २३० किंवा २५०, आणि ट्रे आतच ठेवून २०-२५ मिनिटं तापवायचा. थंड ट्रेवर ठेवलेली पोई हळूहळू वाळते, बिस्किट होतं, दात सांभाळा. तापलेल्या ट्रेवर टाकली की दोन-तीन मिनिटांत फुगायला लागते (काचेतून बघत बसायला मजा येते, मुलगी आणि मी दोघी बसतो), ७-८ मिनिटांत तयार. रंग फार येऊ द्यायचा नाही. काढली की लगेच कापडात गुंडाळा, मऊ राहते. ओव्हन नसेल तर जाड तव्यावर झाकण ठेवून दोन्ही बाजू मंद भाजा, पोकळी कमी येईल पण चव येते.

ती भाजतेय तोवर कडी. मंद आचेवर, मातीचं भांडं असेल तर त्यात, झाकण न ठेवता ढवळत आटवायची. खळाखळा उकळलीत तर नारळ फुटतो आणि तेल वेगळं पाणी वेगळं होतं. अर्ध्याच्या आसपास उरली आणि चमच्याला जाड बसायला लागली की बंद. तिसऱ्यांचं सुकं नीट वाफ येईपर्यंत गरम करा, शिंपल्या काढून टाका (शिजूनही ज्यांचं तोंड उघडलं नाही त्या फेका), आणि पोई कडेला चिरून त्यात भरा, वर कच्चा कांदा. मला विचाराल तर कडीपेक्षा हेच जास्त भारी आहे पण नवऱ्याशी ह्यावरून वाद आहे.

सासूबाई मालवणच्या. पहिल्यांदा हा बेत केला तेव्हा ताटलीकडे बघून म्हणाल्या, "भात सोडून पाव कित्या?" मी काही बोलले नाही, एक पोई पुढे ठेवली. त्यांनी मोडली, कडीत बुडवली, मग दुसरी घेतली. आणि मग म्हणाल्या, आता भात लाव.