पहिला ट्यूब ॲम्प घेताना: आधी हेडफोन बघा, दिवा नंतर

ट्यूब ॲम्पच्या जाहिरातीतला फोटो बहुधा अंधारातच काढलेला असतो. मागे काळोख, काचेत केशरी उजेड. कित्येक स्वस्त ॲम्पमध्ये हा उजेड ट्यूबच्या बुडाशी बसवलेल्या एलईडीचा असतो. खऱ्या हीटरचा (ट्यूब तापवणाऱ्या आतल्या तारेचा) उजेड मंद असतो, भरदिवसा तो शोधावा लागतो आणि ॲम्प सुरू केल्यावर काही सेकंदांनी हळूहळू चढतो. बटण दाबताक्षणी काच लखलखली आणि तशीच राहिली, तर तो एलईडीच.

जुन्या रेडिओत ज्याला आपण व्हॉल्व्ह म्हणायचो, तीच ही ट्यूब. हेडफोनसाठी तिचा ॲम्प २५ हजारांच्या आत घ्यायचा असेल तर निवड हेडफोनपासून सुरू करायची. चांगला ॲम्प चुकीच्या हेडफोनला लावला की वाईट वाजतो, आणि दोष मात्र ट्यूबवर येतो.

पायरी १: हेडफोनचे दोन आकडे काढा

खोक्यावर किंवा माहितीपत्रकात इम्पिडन्स (विजेला होणारा अडथळा, ओहममध्ये) आणि संवेदनशीलता (ठराविक विजेवर किती मोठा आवाज येतो ते, डेसिबलमध्ये) हे दोन आकडे असतात. संवेदनशीलता कशाच्या हिशेबाने दिली आहे ते नीट वाचा. काही कंपन्या ती १ मिलिवॅटला देतात, काही १ व्होल्टला. दोन्ही आकडे एकाच मापाचे समजून तुलना केली तर ३२ ओहमच्या हेडफोनमध्ये १५ डेसिबलचा फरक पडतो.

आता थोडं गणित. गाण्यातल्या क्षणिक उंच ठिकाणांसाठी ११० डेसिबलची सोय ठेवली की पुरते (ही ऐकायची पातळी नव्हे, तेवढ्यावर सतत ऐकलं तर कान जातील). सेनहायझर एचडी ६५० हा ३०० ओहमचा हेडफोन १ व्होल्टला १०३ डेसिबल देतो. त्याला ११० डेसिबलसाठी सुमारे २.२ व्होल्ट आणि ७.५ मिलिअँपिअर लागतात. १ मिलिवॅटला ९८ डेसिबल देणाऱ्या ३२ ओहमच्या हेडफोनला त्याच पातळीसाठी ०.७ व्होल्ट पुरतात, पण करंट २२ मिलिअँपिअर लागतो. शक्ती दोघांनाही साधारण १६ मिलिवॅटच लागते, फक्त एकाला ती व्होल्टेजच्या रूपात हवी असते आणि दुसऱ्याला करंटच्या.

ट्यूब व्होल्टेज देण्यात उदार आणि करंट देण्यात चिक्कू असते. पुढची सगळी निवड या एका गोष्टीवर ठरते.

इअरफोन, म्हणजे कानात घालायचे १६ ओहमच्या आसपासचे अतिसंवेदनशील प्रकार, वापरत असाल तर ट्यूब ॲम्प घेऊच नका. गाण्याच्या आधी ट्यूबची सळसळ ऐकू येईल.

पायरी २: ॲम्पची जात ठरवा

या किमतीत दोनच जाती मिळतात: ओटीएल आणि हायब्रिड. तिसरी, आउटपुट ट्रान्सफॉर्मरवाली, कमी-जास्त ओहमचे सगळे हेडफोन सांभाळते. पण चांगला ट्रान्सफॉर्मर स्वस्त नसतो आणि स्वस्त ट्रान्सफॉर्मर खर्ज व तार दोन्ही खातो. म्हणून या बजेटमध्ये ती सोडून द्या.

ओटीएलमध्ये (आउटपुट ट्रान्सफॉर्मर-लेस, म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेल्या ॲम्पमध्ये) हेडफोन थेट ट्यूबच चालवते, मध्ये फक्त एक मोठा कपॅसिटर असतो. डार्कव्हॉइस ३३६एसई (६एसएन७ आणि ६एएस७जी ट्यूब), लिटल डॉट मार्क २ आणि बॉटलहेडचा क्रॅक (१२एयू७ आणि ६०८०) ही यातली ओळखीची नावं. क्रॅक सुटा येतो, सोल्डरिंग करून आपणच जोडायचा असतो. आत शंभराच्या वर डीसी व्होल्ट असल्याने पहिलंवहिलं सोल्डरिंग त्याच्यावर करू नये.

हायब्रिडमध्ये ट्यूब व्होल्टेज वाढवते आणि करंट पुरवायला पुढे ट्रान्झिस्टर किंवा चिप असते. शिट ऑडिओचा वाली, एक्सडूचा एमटी-६०२ (दोन ६जे१ ट्यूब) हे या गटातले.

२५० ते ६०० ओहमचा डायनॅमिक (कॉइलने पडदा हलवणारा, नेहमीचा) हेडफोन असेल तर ओटीएल बेलाशक घ्या. एचडी ६०० किंवा ६५०, बायरडायनॅमिकचा डीटी ८८० (६०० ओहमचा) यांच्याशी त्याची जोडी उत्तम जमते. ८० ओहम आणि त्याखाली हायब्रिडच घ्या. प्लेनर (सपाट, पातळ पडद्याचा) हेडफोन, उदाहरणार्थ हायफायमॅनचा सुंदारा, ओटीएलवर उपाशी राहतो. अधल्यामधल्या १५० ओहमच्या हेडफोनला आम्ही हायब्रिडच सुचवू, कारण उद्या हेडफोन बदलला तरी तो कामाला येतो.

पायरी ३: आउटपुट इम्पिडन्स विचारा, आणि विचारतच राहा

हा आकडा विक्रेते लपवतात असं नाही, बऱ्याचदा त्यांना तो ठाऊकच नसतो. नियम सोपा आहे: ॲम्पचा आउटपुट इम्पिडन्स (ॲम्पचा स्वतःचा अडथळा) हेडफोनच्या इम्पिडन्सच्या एक अष्टमांशाहून कमी असावा. ३२ ओहमला ४, ३०० ओहमला ३७. ओटीएल हा नियम सर्रास मोडतात. क्रॅकचा आकडा १२० ओहमच्या आसपास आहे. तरी ३०० ओहमच्या हेडफोनवर तो का चालतो, हे समजून घेण्यासारखं आहे.

डायनॅमिक हेडफोनचा इम्पिडन्स सगळीकडे सारखा नसतो, खर्जात त्याला उंचवटा येतो. एचडी ६५०चे ३०० ओहम १०० हर्ट्झच्या खाली ५०० च्या आसपास जातात. १२० ओहमच्या ॲम्पवर त्यामुळे खर्ज जेमतेम १ डेसिबल वाढतो आणि कानाला तो भरदार वाटतो. आता त्याच ॲम्पला असा ३२ ओहमचा हेडफोन लावा, ज्याचा उंचवटा ७० ओहमपर्यंत जातो. फरक जवळजवळ ५ डेसिबल पडतो. डग्ग्याची घुमारी तबल्याच्या चाटीवर चढून बसते, पुरुषी आवाज माठात बोलल्यासारखा येतो आणि एकूण पातळीही १३ डेसिबलने खाली जाते. लोक यालाच ‘ट्यूबचा उबदार आवाज’ म्हणतात, पण त्यात ट्यूबचा वाटा थोडाच असतो.

आकडा कोणी दिला नाही तर घरी मोजता येतो. मल्टिमीटर, एक ३३ ओहमचा रेझिस्टर (ओटीएलसाठी ३०० किंवा ३३०) आणि फोनवर ४०० हर्ट्झचा सरळ सूर (साइन वेव्ह) एवढं सामान लागतं. हेडफोन काढून ठेवा. मीटर एसी व्होल्टवर ठेवून आउटपुटला ०.५ व्होल्ट येईल इतका आवाज वाढवा. मग बटणाला हात न लावता आउटपुटवर रेझिस्टर जोडा आणि पुन्हा वाचा. समजा ०.३ आले. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा, त्यातून १ वजा करा, रेझिस्टरच्या ओहमच्या आकड्याने गुणा: ०.५ भागिले ०.३ म्हणजे १.६७, उरले ०.६७, गुणिले ३३, म्हणजे २२ ओहम. स्वस्त मीटर ४०० हर्ट्झच्या पुढे भरवशाचा नसतो, म्हणून सूर त्याहून वरचा घेऊ नका.

पायरी ४: आकड्यांमधली हातचलाखी ओळखा

‘१००० मिलिवॅट’ असं लिहिलंय, पण किती ओहमला आणि किती विकृतीला (डिस्टॉर्शनला) ते लिहिलेलं नाही, तर तो आकडा नसल्यासारखाच धरा.

दुसरं, ॲम्प १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालत असेल तर आत व्होल्टेज वाढवणारं सर्किट आहे का ते विचारा. नसेल तर ट्यूबच्या प्लेटला जेमतेम १२ व्होल्ट मिळतात. ६डीजे८ सारखी ट्यूब ९० व्होल्टच्या आसपास मोकळी वाजते, १२एयू७ ला शंभराच्या पुढे हवे असतात. अर्धपोटी ट्यूब वाजते, नाही असं नाही, पण खरं काम पुढची चिप करते. चिपच ऐकायची तर ट्यूबचे पैसे का द्यायचे?

तिसरं गेन, म्हणजे ॲम्प संकेत किती पट वाढवतो ते. डॅकमधून (डिजिटल गाण्याचा विद्युत संकेत करणाऱ्या उपकरणातून) २ व्होल्ट येत असतील तर ३ ते ४ पट गेन ३०० ओहमलाही भरपूर झाला. १० पट असेल तर बटण जरा हलताच आवाज अंगावर येतो, आणि स्वस्त व्हॉल्यूम कंट्रोल नेमके सुरुवातीच्या त्या भागात डावं-उजवं सारखं ठेवत नाहीत.

पायरी ५: घेताना

भारतात २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ वीज आहे. परदेशातून मागवलेला किंवा तिकडून कोणी आणलेला ॲम्प ११५ व्होल्टचा असू शकतो, आतला ट्रान्सफॉर्मर किंवा अडॅप्टर कोणता आहे ते लेबलवर वाचूनच प्लग लावा. वालीसारख्या काही ॲम्पचा अडॅप्टर एसी देतो, डीसी नाही. पिन बसते म्हणून राउटरचा अडॅप्टर लावायचा नाही. बाहेरून मागवताना किमतीत सीमाशुल्क आणि आयजीएसटी धरा, शिवाय बिघडला तर परत पाठवायचा खर्चही. जड ओटीएलच्या बाबतीत हा खर्च डोळे पांढरे करतो.

ट्यूब सहज मिळणारी आहे का तेही बघा. १२एयू७ (हिलाच ईसीसी८२ म्हणतात), ६डीजे८ (ईसीसी८८) आणि ६एसएन७ आजही मिळतात. बुडाच्या पिना सारख्या दिसल्या म्हणून एकीच्या जागी दुसरी चालत नाही. १२एयू७ आणि ६डीजे८ दोन्ही ९ पिनांच्या, पण हीटरच्या जोडण्या वेगळ्या. १२एएक्स७ मात्र १२एयू७ च्या जागी बसतेही आणि पेटतेही. फक्त तिचं वर्धन १०० आहे, १२एयू७ चं २० च्या आत, म्हणून खरखर वाढते आणि आवाज फाटतो.

पायरी ६: पहिल्या दिवशीची तपासणी

हेडफोन न लावता ॲम्प सुरू करा आणि ५ मिनिटं तापू द्या. मीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवून दोन्ही चॅनेल मोजा. २० च्या आत असेल तर निर्धास्त, १०० च्या पुढे असेल तर हेडफोन लावू नका, ॲम्प परत करा. मग आवाज शून्यावर आणून हेडफोन लावा. रोजही हाच क्रम ठेवा, कारण ओटीएल सुरू होताना बसणारा धक्का हेडफोनच्या नाजूक कॉइलला सोसत नाही.

आता गाणं न लावता ऐका. गुणगुण येते का? व्हॉल्यूम वाढवल्यावर ती वाढत असेल तर दोष आधीच्या साखळीत आहे. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, बहुतेकदा तिथेच थांबते. व्हॉल्यूमने फरक पडत नसेल तर ट्यूब किंवा वीजपुरवठा. दोन सारख्या ट्यूब असतील तर त्यांची अदलाबदल करा (बंद करून, थंड झाल्यावर). गुणगुण डावीकडून उजवीकडे गेली तर ट्यूब खराब, जागची हलली नाही तर ॲम्प. जुन्या इमारतींत तीन पिनांच्या सॉकेटला अर्थिंग नुसतं नावाला असतं. धातूच्या पेटीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर वापर थांबवून आधी वायरमनला बोलवा.

नखाने काचेवर हलकी टिचकी मारा. थोडा ‘टिंग’ चालतो. घंटेसारखा घुमत राहिला तर ट्यूब मायक्रोफोनिक आहे, टेबलावर कप ठेवला तरी ऐकू येईल. शेवटी तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग लावा. सुरांच्या मागे सतत चालणारी भिन्न पट्टीची गुणगुण त्यात लगेच उघडी पडते.

जागा आणि निगा

६०८० ट्यूबचा एकटा हीटर जवळपास १६ वॅट खातो, तेव्हा चारी बाजूंनी १० सेंटिमीटर आणि वर त्याहून जास्त जागा मोकळी सोडा. कपाटाचा बंद कप्पा नको. फोन आणि राउटर ट्यूबजवळ ठेवू नका, टिकटिक येते. बंद केल्यावरही ओटीएलच्या आतल्या कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल इतकं व्होल्टेज उरतं, त्यामुळे झाकण उघडायचं नाही.

कोकणपट्टीत पावसाळ्यात ट्यूबच्या पिनांवर ओल धरते आणि कुरकुर सुरू होते. प्लग काढून, ट्यूब थंड झाल्यावर ती सरळ वर ओढून तीन-चार वेळा आत-बाहेर करा, पिनांना कॉन्टॅक्ट क्लीनर लावा. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. काचेच्या आतला चंदेरी डाग दर महिन्याला बघत जा. तो दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली आहे, ती ट्यूब पुन्हा लावू नका.